आप्पांचं दुसरं बटण

समोर येऊन उभ्या राहिलेल्या प्रत्येक नव्या जोडप्याला आप्पा एकच प्रश्न विचारायचे. "निघताना घरचा गॅस बंद केलाय ना?" नवरानवरी एकमेकांकडे बघायची, ठरवून आणलेलं हसू चेहऱ्यावरून गळून पडायचं, आणि तेवढ्यात आप्पा बटण दाबायचे. तुळजापुरात महाद्वारासमोर काढलेल्या कितीतरी फोटोंत नवी जोडपी अशी विचारात पडलेली दिसतात. त्यामागे संसाराची चिंता वगैरे काही नाही, गॅस आहे. लोकांना वाटायचं की ही आप्पांची युक्ती. मी शेजारच्या जागेवर उभा असायचो, म्हणून मला माहीत होतं की युक्ती वगैरे नव्हती. त्यांना खरोखर काळजी वाटायची. बार्शीकडची एक पोरगी एकदा "आठवत न्हाई" म्हणाली, तर आप्पांनी तिला तिथूनच शेजारणीला फोन लावायला लावला, आणि शेजारीण आत डोकावून "बंद हाय" म्हणेपर्यंत कॅमेरा डोळ्याला लावला नाही.

मी डी.एड. करून शिक्षकाच्या जागेची वाट बघता बघता कॅमेरा हातात घेतलेला माणूस. शाळा मिळाली नाही, पण आप्पांनी पहिल्याच दिवशी मला 'मास्तर' म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आमच्या दोघांच्या गळ्यात एकाच मॉडेलचा कॅमेरा होता. कंपनीच्या यादीतला सगळ्यात खालचा, नवशिक्यांसाठी काढलेला. आप्पा रिळाच्या जमान्यापासून फोटो काढत होते, तरी त्यांचाही तोच. भारीतला घ्या म्हटलं की म्हणायचे, "भारीतला घेतला तर त्याची फिकीर कोण करणार? ह्याचीच करून बेजार झालोय."

आणि करायचेच. जादा बॅटऱ्या दोन वेगळ्या खिशांत, म्हणजे एका चोराला दोन्ही सापडणार नाहीत. चार्ज केलेल्या बॅटरीवर हळदीचं बोट, उतरलेलीवर कुंकवाचं. ढगाळ हवेत ढगांची काळजी, ऊन पडलं की उन्हाची, गर्दी झाली की चेंगराचेंगरीची, आणि गर्दी नसली की लोकांनी देवीला यायचं बंद केलं की काय याची. आम्ही त्यांची टिंगल करायचो, पण एखाद्या मंगळवारी ते थोडे उशिरा आले तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आमच्या वाटच्या काळज्याही तेच करायचे ना.

पण एक काळजी त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. ती मला कळली आणि तिथून माझी झोप उडाली.

आमचं काम जवळजवळ सगळं उभ्या फोटोंचं. जोडपं समोर आणि मागे पूर्ण महाद्वार आलं पाहिजे, नाहीतर लोक फोटो घेत नाहीत. उभ्या फोटोला कॅमेरा उभा धरायचा म्हणजे उजवं कोपर वर उचलून मनगट पिळायचं आणि तसंच बोटानं बटण दाबायचं. दिवसाकाठी किती वेळा, ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. एका दुपारी चहाचा ग्लास आप्पांच्या उजव्या हातातून सुटला. गरम असेल, असं मला वाटलं. पण चहा कोमट होता, मी तोच पीत होतो. मग नीट बघितलं तर ते बोटं चोळत होते, अंगठा आणि पहिली दोन.

"मुंग्या येत्यात," ते हळूच म्हणाले. "सकाळी शर्टाची गुंडी लागत न्हाई. हिलाच लावावी लागती."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं. नस दबलीय म्हनतो, ऑपरेशन कर. बारकं असतं म्हनं. आन मधीच लाईट गेली तर?"

उलट बाजूनं कॅमेरा धरून बघितला होता त्यांनी, बटण खाली येईल असा. मग ते अंगठ्यानं दाबावं लागे आणि फोटो हलायचा. मी बोलायला तोंड उघडणार तोच त्यांनी माझा हात धरला. "मास्तर, ह्येची वाच्यता नको. देवीची शपथ घालत न्हाई, तुमच्या हातून मोडली तर उगं तुमच्या घराला ताप. नुसतं गप बसा."

गप्प बसायचं कारण मला सांगायची गरज नव्हती. महाद्वारासमोर आम्ही पाचसहा जण, आणि आमच्यात पाळी चालायची. दर्शन घेऊन आलेलं गिऱ्हाईक ज्याची पाळी त्याचं. मात्र लोक घाईत असतात, कुणाला ढोकीला जायचं असतं, कुणाची गाडी खाली उभी असते. ज्याला वेळ लागला, ज्याचा फोटो हलला, त्याची पाळी पुढच्याला जायची. आमच्यातल्या एका म्हाताऱ्याला मोतीबिंदू झाला तेव्हा आम्ही सगळे त्याच्याशी चांगलेच वागलो. आधी त्याची एखादी पाळी घेतली, मग त्याला सावलीत बसवलं, आणि शेवटी फोटो छापायच्या मशिनवर छत्री धरायचं काम त्याला दिलं. कुणीही वाईट बोललं नाही. तो माणूस मरेपर्यंत छत्री धरून उभा होता. आप्पांना भीती होती ती त्या छत्रीची.

तर त्यांना पाहिजे होती बॅटरी ग्रिप. कॅमेऱ्याच्या खालचं बॅटरीचं झाकण काढून तिथं बसवायचा ठोकळा. त्यात दोन बॅटऱ्या मावतात, म्हणून नाव तसं. पण आप्पांना बॅटऱ्यांशी देणंघेणं नव्हतं. त्या ठोकळ्याच्या कोपऱ्यावर फोटो काढायचं दुसरं बटण असतं. कॅमेरा उभा धरला की ते बरोबर हाताखाली येतं, कोपर उचलायला नको, मनगट पिळायला नको. आप्पांना ते दुसरं बटण पाहिजे होतं आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं. म्हणून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, बॅटरीसाठी घेतोय.

इथून पुढं आमचे हाल सुरू झाले. आप्पांना सल्ला विचारल्याशिवाय काही घेता यायचं नाही, आणि खरं कारण लपवलेलं, त्यामुळे सल्ला देणारा प्रत्येक माणूस बरोबर बोलायचा. आमच्यात एक पैलवान होता. ईट गावाकडचा, कुस्ती सोडून कॅमेरा धरलेला, आवाज असा की दर्शनाच्या रांगेतली माणसं वळून बघायची. तो म्हणाला, "आप्पा, दोन बॅटऱ्या खिशात हायेत की तुमच्या. बदलायला किती येळ लागतो? उगं ठोकळा कशाला वागवता?"

आप्पांनी दोन्ही खिसे चाचपले. "गर्दीत बदलताना बॅटरी खाली पडली तर?" ते म्हणाले.

"पडली तर उचला."

"उचलायला वाकलो आन मागून कुनी ढकललं तर?"

पैलवानानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. असं आठवडेच्या आठवडे चाललं. हारवाले, पुजारी, लॉजचा मॅनेजर, सगळ्यांनी आप्पांना पटवून दिलं की ग्रिपची काही गरज नाही, आणि दर वेळी आप्पांचा चेहरा थोडा आणखी उतरायचा. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. त्यापेक्षा मी तिथून उठून जायचो.

दुसरी अडचण अशी की आमच्या मॉडेलला कंपनीनं ग्रिप काढलेलीच नव्हती. नवशिक्याला काय करायचीय ग्रिप, असा त्यांचा हिशेब असावा. बाजारात होत्या त्या भलत्याच लोकांनी केलेल्या. माझ्या मोबाईलवर आम्ही दोघं घेणाऱ्यांचे अभिप्राय वाचत बसायचो. आप्पा चांगले अभिप्राय सोडून द्यायचे. "ह्यो पुढं वाचा, एक चांदणीवाला. काय झालं म्हनतो त्येचं?" कुणाची ग्रिप डुगडुगायची, कुणाच्या स्क्रूचे आटे गेले होते, कुणाला बॅटरी अर्धी असताना रिकामी दिसायची. आप्पा ऐकून मान हलवायचे, जसं काही ते सगळं त्यांच्याच कॅमेऱ्याचं झालं होतं.

शेवटी दोन उरल्या. एकीचं बटण टीव्हीच्या रिमोटसारखं चालायचं, मध्ये वायर नाही. दुसरीला एक आखूड वायर, ती कॅमेऱ्याच्या कुशीतल्या भोकात खोचायची आणि तिथलं रबरी झाकण कायम उघडं ठेवायचं. रिमोटवाली ऐकूनच आप्पांना घाम फुटला. "उद्या पैलवानानं बी तसलीच घेतली, त्यानं दाबलं आन माझ्या कॅमेऱ्यात फोटो निघाला, तर ते जोडपं कुनाचं धरायचं?" मग वायरवाली. पण वायरवालीचं झाकण उघडं, आणि तुळजापुरात हवेत कुंकू असतं. परवडतं तेवढं लोक उधळतात. आमचे शर्ट, भुवया, कॅमेऱ्याचे पट्टे, सगळं संध्याकाळपर्यंत लालसर होतं. उघड्या भोकात ते जाणारच.

डोळ्यांनी बघूनच ठरवू म्हणून आम्ही सोलापूरला गेलो. आप्पांनी कॅमेरा टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातला होता आणि डबा मांडीवर. दुकान चकचकीत, काचेचं. दुकानदार तरुण, गळ्यात टाय. त्यानं दोन्ही ग्रिप काढून दिल्या. रिमोटवाली दुकानात बिनचूक चालली. आप्पा ती घेऊन रस्त्यावर उन्हात गेले, तिथं चारदा दाबली तर एकदा चालली. ते परत आले आणि जवळजवळ खूश दिसले. भीती खरी निघाली की त्यांना तेवढंच बरं वाटायचं. मग वायरवाली बसवली, खोचली, दाबली, चालली. दुकानदार पिशवी काढायला वळला आणि आप्पांनी खिशातून पुडी काढली.

मला वाटलं तंबाखू. आप्पांनी पुडी उघडून चिमूटभर कुंकू त्या नव्या ग्रिपवर, वायरीच्या तोंडावर आणि दुकानदाराच्या काचेवर उधळलं आणि वर फुंकर मारली.

"अहो काका, पूजा घरी करायची ना," दुकानदार म्हणाला.

"पूजा न्हाई बाबा, टेस्टिंग हाय."

त्यांनी परत बटण दाबलं. चाललं. आणखी एक चिमूट टाकली, दाबलं, चाललं. दुकानदाराच्या टायवर लाल शिंतोडे उडाले होते. आता ग्रिप घ्यावी लागणारच होती, कारण ती परत ठेवून घ्यायच्या अवस्थेत राहिली नव्हती. परतीच्या एसटीत आप्पा डबा मांडीवर घेऊन म्हणाले, "कोरडं कुंकू चाललं. वल्लं न्हाई टाकून बघितलं." आणि तुळजापूर येईपर्यंत डब्याचं झाकण उघडून बघत राहिले.

पुढचे काही महिने मात्र बरे गेले. पैलवान म्हणायचा, आप्पांचा कॅमेरा दुमजली झाला. आप्पा हसायचे. कोपर अंगाला चिकटवून, खालचं बटण दाबून, ते पटापट उभे फोटो काढायचे आणि पाळी कधी चुकली नाही. वायरीवर त्यांनी चिकटपट्टी लावली होती, कारण ती एकदा एका आराधिणीच्या कवड्यांच्या माळेत अडकली होती आणि आप्पा तिच्याबरोबर चार पावलं ओढले गेले होते. हात काही सुधारत नव्हता. ग्लास आता ते डाव्या हातात धरायचे. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "चालतंय तवर चालू द्या." मला मात्र एक रोग लागला. आप्पांनी कॅमेरा उचलला की माझे कान तिकडे. 'क्लिक' ऐकू आलं की माझा श्वास सुटायचा. त्या नादात माझ्या स्वतःच्या फोटोंत कुणाचं कपाळ कापलं गेलं, कुणाचे डोळे मिटलेले आले. माझ्याच दोन पाळ्या गेल्या.

आणि एका पौर्णिमेला 'क्लिक' ऐकू आलं नाही.

गर्दी मरणाची होती. भूमकडचं एक जोडपं, बरोबर पंधरावीस माणसांचं वऱ्हाड. नवरीच्या कपाळावरचा मळवट घामानं ओघळलेला. आप्पांची पाळी. त्यांनी गॅसचं विचारलं, नवरीनं नवऱ्याकडे बघितलं, आप्पांनी दाबलं. काही नाही. परत दाबलं. वायर काढून बघितली तर तिचं टोक लालभडक, ओलं. कुणाच्या तरी हातचं पाण्यात कालवलेलं कुंकू उडालं होतं. त्यांनी शर्टानं पुसलं, खोचलं, दाबलं. काही नाही.

"काय झालं वो?" नवऱ्याचा मामा म्हणाला. "गाडी थांबलीय खाली."

आप्पांनी कोपर वर उचललं. मनगट पिळलं. वरच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते बोट दबेना. मला दिसत होतं. बोट बटणावर होतं, पण त्यात माणूस नव्हता. कॅमेरा थरथरायला लागला. मी पुढं झालो असतो तर गुपित फुटलं असतं, आणि शिवाय पुढची पाळी माझीच, जोडपं माझ्याकडे आलं असतं. मी जागचा हललो नाही.

हलला तो पैलवान. तो सरळ आप्पांच्या मागे जाऊन उभा राहिला, आपल्या भल्यामोठ्या पंज्यावर आप्पांचं कोपर पेललं, आणि दुसऱ्या हातानं आप्पांच्या बोटावर बोट ठेवून म्हणाला, "तुमी बघा आप्पा. सांगा कवा दाबू."

आप्पांनी सांगितलं. पैलवानानं दाबलं. फोटो चांगला आला, वऱ्हाड खूश होऊन गेलं. पैलवान त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "इतकं काय घाबरता? हात गेल्याचं सगळ्यांना म्हाईत हाय. मागल्या उन्हाळ्यापास्नं. म्हून तर फॅमिलीवाले आडवे फोटो आमी तुमच्याकडं लोटत होतो. कुनी काय बोललं का तुमाला?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बाकीचेही हसून माना हलवत होते. आप्पा हसले नाहीत. त्यांनी गळ्यातला पट्टा काढला, कॅमेरा डब्यात ठेवला, आणि भर पौर्णिमेला, पाळी सोडून, गर्दीतून वाट काढत घराकडे चालू लागले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काकू दारातच म्हणाल्या, "आल्यापास्नं एक अक्षर बोलले न्हाईत. काय झालं वो मास्तर?" मी चपला काढल्या. त्या चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. आप्पा पलंगावर बसून डाव्या हातानं ग्रिपचा स्क्रू सोडवत होते.

"तुमी सांगितलं का त्यास्नी?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नाही आप्पा. आईची आण. एक शब्द नाही."

त्यांनी स्क्रू आणखी दोन वेढे फिरवला. मग म्हणाले, "म्हंजी दिसत व्हतं."

मी पलंगाच्या कडेला टेकलो.

"येवढी ग्रिप आनली, येवढं झाकलं, आन ते सगळे बघत व्हते. मी बटन दाबताना. ग्लास धरताना. पैलवान म्हनतो, लोटत व्हतो तुमच्याकडं." ते स्क्रूलाच सांगत होते. "छत्री धरायला लावली की मास्तर मला. नुसती हातात दिली न्हाई येवढंच. आता कसा जाऊ तिथं? कुनाच्या डोळ्याला डोळा देऊ?"

त्यांना मी कधी असं बघितलं नव्हतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला भिणारा हा माणूस त्या वेळी कशाला भीत नव्हता, तो नुसता लाजेनं आत आत जात होता. आणि मला खात्री पटली की हे उद्या येणार नाहीत, परवाही नाहीत, कधीच नाहीत. स्क्रू सुटला. ग्रिप हातात आली.

"मीच सांगितलं," मी म्हणालो.

त्यांनी वर बघितलं.

"मघाशी खोटं बोललो. मागच्या उन्हाळ्यात सांगितलं. पैलवानाला. राहवलं नाही. त्याला काय कळतंय आप्पा, तो काय बघणार? मी सांगितलं म्हणून त्याला कळलं, मग त्यानं सगळ्यांना सांगितलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. आधी काही कळलं नसावं. मग त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पाठ ताठ झाली, आणि ओठ बारीक झाले. आत चहाला उकळी फुटल्याचा आवाज येत होता. आप्पांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून खणखणीत आवाजात सांगितलं, "एकच कप आन गं. मास्तर निघालेत."

मी निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवानाला गाठून सगळं सांगितलं आणि म्हणालो, आप्पांनी विचारलं तर माझंच नाव घ्यायचं. तो म्हणाला, "येडे का खुळे? फुकटात वैर घेता व्हय?" मग थोडा वेळ दाढी खाजवून म्हणाला, "बरं. पन मला पटलं न्हाई."

पुढच्या मंगळवारी आप्पा आले. ग्रिपशिवाय. पैलवानाला त्यांनी हाक मारली, "ए, धर कोपर," आणि तो धरायला लागला. ऑपरेशन त्यांनी पुढच्या वर्षी करून घेतलं, लाईट गेली नाही, आणि हात निम्मा सुधारला. लेकीकडे पुण्याला जाईपर्यंत ते रोज माझ्या शेजारीच उभे असायचे, हाताच्या अंतरावर, आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आपली पाळी नसताना एखादं जोडपं माझ्याकडे येताना दिसलं, की मला ऐकू जाईल अशा बेतानं त्यांना सांगायचे, "त्या मास्तराकडं फोटो काढा, चांगला काढतो. पन घरची गोष्ट बोलू नका. त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

सकाळी आल्याआल्या ते एकदा ऐकू आलं, की मी निवांत कामाला लागायचो.